एकशे पंच्याऐंशी नाराज प्रेक्षक

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीने तिच्याच सोडलेल्या नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तारीख मला सांगता येईल, पण आमच्या घरात तारखेने कुणाला काही आठवत नाही. ‘दुसऱ्या लग्नाचं वर्ष’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. जावई तोच, सदरा नवा.

लग्न नोंदणी कार्यालयात होतं, गुरुवारी दुपारी चार वाजता. माझी थोरली बहीण, आक्का, आली नाही. पहिल्या वेळी आले होते, माणसं तीच आहेत, मग पुन्हा काय बघायचं, असं तिचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. गुरुवारी चारला टीव्हीवर ‘अवकाशातलं बिऱ्हाड’ लागायचं आणि त्या वेळी आक्का देवाला सुद्धा नंतर या म्हणाली असती.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याची नोकरी बदलीची. चाळीस वर्षांत त्याने तिला एकोणीस घरं फिरवली. भांडी बांधायची आणि सोडायची यातच हात झिजले, असं ती सांगायची, आणि हात पुढे करून दाखवायची. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा ती माझ्याकडे आली. हे विसावं घर. माझी बायको आधीच गेलेली, मुली आपापल्या घरी. मी पंपांच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं फिटर होतो, निवृत्त होऊन रिकामा बसलो होतो. पुढच्या खोलीत तिची खाट, खाटेसमोर टीव्ही, आणि मधे मी, चहाचा कप घेऊन.

‘अवकाशातलं बिऱ्हाड’ ही हाताने काढलेल्या हलत्या चित्रांची मालिका. एक जुनं मालवाहू यान कुणाचं तरी कपाट पोचवायला निघतं, पत्ता चुकीचा निघतो, आणि परतीची वाट हरवते. कप्तानाला तीन हात, पण कामाला एकही नाही. स्वयंपाकीण म्हणजे नुसती वाफ, तिला स्वतःच्या हातची चव कळत नाही. एक यंत्रमानव आहे, तो खोटं बोलतो आणि मग स्वतःच रडतो. यानाचं इंजिन कौतुक केल्याशिवाय चालू होत नाही. आक्का यानाला ‘डबा’ म्हणायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हा काय पोरखेळ. तिसऱ्या आठवड्यात मी घड्याळ बघायला लागलो.

त्या वर्षी आक्काच्या छातीचं दुखणं वाढलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. बाई चांगल्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की हृदय थकलंय, थंडी संपेपर्यंत साथ देईल, पुढचं सांगता येत नाही. मग आक्काच्या खाटेवर बसून विचारलं की तुम्हाला मला काही विचारायचं आहे का. आक्का म्हणाली, “आमचं राहू दे. तो डबा घरी पोचतो का, तेवढं सांगा.” बाईंनी मालिका पाहिलेली नव्हती. तेव्हापासून आक्काचा त्यांच्या औषधावरचा विश्वास अर्धा झाला.

मला मात्र तेव्हा कळलं की गोष्ट काय आहे. आक्काला मरणाची धास्ती नव्हती. डबा वाटेत असताना आपण जाऊ, याची होती.

अशात एका गुरुवारी भाग संपल्यावर पडद्यावर सूचना आली. मालिका पुढे चालवायची की नाही हे प्रेक्षकांच्या मतांवर ठरणार आहे, तरी प्रेक्षकांनी मतपत्र भरून पाठवावं. मुलीने दुसऱ्या दिवशी मतपत्रांचा गठ्ठा छापून आणला. वर नाव आणि व्यवसाय. खाली पाच गोल तोंडं, पहिलं हसरं, शेवटचं रडकं, त्यातल्या एकावर खूण करायची. आणि त्याखाली मोकळी जागा, ‘आपलं सविस्तर मत’.

इथे कारखान्याचं सांगावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला बिघाडाची चिठ्ठी असायची. यंत्रात दोष दिसला की चिठ्ठी लिहायची: बिघाड काय, जागा कुठली, परिणाम काय, उपाय काय. चिठ्ठी लागली की दुरुस्ती झाल्याशिवाय सुटका नाही. दुरुस्ती झाली की ज्याने चिठ्ठी लिहिली त्यानेच तिच्या पाठीवर ‘दुरुस्त झाले’ म्हणून सही करायची. चालू यंत्राला चिठ्ठी नसते. नीट चालणाऱ्या पंपाजवळ उभं राहून ‘वा, छान’ असं कुणी लिहिलं असतं तर लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं. आणि ज्या यंत्रावरून मन उडालं, त्यालाही चिठ्ठी नसते. ते भंगारात जातं. चिठ्ठी लिहायची ती ज्याला चालवायचं आहे त्याच्यासाठी.

नोकरीत असताना मला लिहिता येत नव्हतं. मी दोष सांगायचो, भांडारातला कारकून लिहायचा, मी अंगठा उठवायचो. अक्षर शिकलो ते निवृत्तीनंतर, मुलीच्या पाठीमागे लागून. तेव्हा आता स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहायची म्हणून मी टेबल पुसून बसलो. लिहिलं ते असं:

‘बिघाड: इंजिनाच्या झाकणाला बोल्ट आठ. कप्तान पाठ फिरवून परत आला की सहा. जागा: भाग एकावन्न. परिणाम: झाकण हलणार, इंजिन रुसणार. उपाय: आठच ठेवावे, आणि समोरासमोरचे आवळावे.’

तोंडांपैकी कुठल्यावर खूण करायची ते कळेना. मी विचार केला, चिठ्ठी लिहिताना माणसाचं जे तोंड असतं ते. हसत हसत कुणी बिघाड लिहीत नाही. मी शेवटच्या तोंडावर खूण केली.

आठ दिवसांत उत्तर आलं, ‘आपल्या मताची नोंद घेतली आहे.’ आणि त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, मी खोटं सांगत नाही, झाकणाला आठ बोल्ट. कप्तान तीनदा वळला, तिन्ही वेळा आठ. मी उठून टीव्हीला हात लावला. आक्का म्हणाली, “बस खाली, ठोक्या. तुझ्या ढेरीमागे डबा गेला.” लहानपणी मी दिसेल त्या वस्तूवर दगड ठोकायचो, म्हणून ती मला ठोक्या म्हणायची. मी सत्तर वर्षांचा झालो तरी तिचं ते गेलं नव्हतं.

गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर नळवाले राहतात. त्यांनी भाग बघितला आणि हातात पाना असल्यासारखे उठून उभे राहिले. म्हणाले, वाफबाईच्या मोरीच्या नळीला बाक कुठे आहे. बाकात पाणी थांबतं म्हणून घाण वास अडतो. बाक नसेल तर अख्ख्या अवकाशाचा वास स्वयंपाकघरात येणार. समोरच्या शिवणकाकूंना पहिल्या भागापासून एकच सल होता. कप्तानाला हात तीन, कोटाला बाह्या दोन, तिसरा हात खिशातून बाहेर. असा कोट शिवणाऱ्याचं दुकान बंद व्हायला हवं, असं त्यांनी लिहिलं आणि मतपत्राला तीन बाह्यांच्या कोटाचा कागदी नमुना टाचणीने जोडला. वरच्या मजल्यावर गार्डसाहेब. त्यांनी तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेली. त्यांचा आक्षेप असा, की यान सुटताना सगळे पुढे बघतात, मागे कुणीच नाही. मागे बघणारं कुणी नसलेली गाडी ही गाडी नव्हे, अपघात आहे.

सगळ्यांनी मला विचारलं, तोंड कुठलं. मी अनुभवी माणसासारखा सांगत गेलो, शेवटचं.

आणि दुरुस्त्या होत गेल्या. नळीला बाक आला. कप्तानाला तिसरी बाही मिळाली, वर दोन बटणं जास्तीची. यान सुटायच्या वेळी रडका यंत्रमानव मागच्या दारात झेंडी घेऊन उभा राहायला लागला, तेव्हा गार्डसाहेब आमच्या पुढच्या खोलीत उभे राहिले आणि खाली बसायला विसरले. जिन्यात भेटलं की माणसं एकमेकांना ‘तुमचं झालं का’ असं विचारायची. आक्का सोडून इमारतीत सदतीस मोठी माणसं. दर आठवड्याला सदतीस मतपत्रं जायची, नळवाले स्वतः नेऊन टपालपेटीत टाकायचे. आक्काला मी खूप म्हटलं की तूही लिही, मी हात धरतो. ती म्हणायची, दुसऱ्याच्या संसारात मी बोलत नाही, मला फक्त ते घरी पोचलेले बघायचेत.

मला वाटत होतं, आपण मालिका वाचवतोय. एवढ्या चिठ्ठ्या लागलेलं यंत्र कुठला मालक मोडीत काढेल?

पाच आठवडे झाले. सहाव्या गुरुवारी भाग संपला आणि पडद्यावर आलं: प्रेक्षकांची तीव्र नाराजी लक्षात घेऊन ही मालिका आणखी तीन भागांनंतर बंद करण्यात येत आहे. मालिका सुधारण्याचा आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला.

मी ते आक्काला वाचून दाखवलं. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ती चिडली नाही. बोटांवर तीन गुरुवार मोजले. मग म्हणाली, “डॉक्टरीणबाईंनी मला याहून जास्त दिलेत. म्हणजे ते माझ्या आधी जाणार, आणि वाटेतच.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळचा चहा तसाच राहिला, सकाळचाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी आणि नळवाले वाहिनीच्या कार्यालयात गेलो. गाद्यांच्या दुकानावर तीन खोल्या, एवढंच कार्यालय. मला वाटलं होतं निदान कारखान्याएवढं असेल. पहिल्या खोलीत मतांच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, समोर गठ्ठे. मी नाव आणि इमारत सांगितली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आम्हाला बघायला शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावलं.

भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर एक हिरवी पट्टी, बोटाएवढी, आणि एक लाल पट्टी, छतापर्यंत जाऊन पुढे छतावर चिकटवलेली. बाईंनी समजावून सांगितलं. पाच आठवड्यांत सगळ्या देशातून मतं आली दोनशे एकतीस. त्यातली रडक्या तोंडाची एकशे पंच्याऐंशी. आणि ती एकशे पंच्याऐंशी एकाच इमारतीतून. मालकांनी विचारलं होतं की त्या इमारतीत काय दुःख आहे. कुणी म्हणालं, तिथे पाणी येत नसेल.

नळवाल्यांना ते लागलं. आमच्या इमारतीत चोवीस तास पाणी असतं, ते म्हणाले, मी असताना कसं नाही येणार.

मी बाईंना सांगितलं की आम्ही नाराज नाही. आम्ही इतके राजी आहोत की गुरुवारी कुणी घर सोडत नाही, मी पोरीच्या लग्नाला अर्ध्या मनाने गेलो होतो. बाईंनी विचारलं, मग प्रत्येक मतात दोष का. मी चिठ्ठीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की मत एकदा नोंदलं की बदलता येत नाही, तसा रकानाच नाही.

“बदलत नाही,” मी म्हटलं. “बंद करतो. ज्याने लिहिली त्याने मागे सही केली की चिठ्ठी बंद होते. तुम्ही दुरुस्ती केलीत, आम्ही सही केली नाही. चूक आमची आहे.”

बाई म्हणाल्या, मतपत्राला मागची बाजू नाही. मी एक उचलून उलटं केलं. मागे कोरंच होतं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं. त्यांच्या नियमात मागच्या बाजूबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, आणि ज्याबद्दल काही लिहिलेलं नाही ते अडवायचं कसं हेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी गठ्ठे पुढे सरकवले. मी माझ्या चिठ्ठ्या शोधून एकेकीच्या पाठीवर ‘दुरुस्त झाले’ लिहून सही करायला लागलो. नळवाल्यांनी त्यांच्या घेतल्या. ते घरी जाऊन गार्डसाहेबांना आणि शिवणकाकूंना घेऊन आले, मग बाकीचे येत गेले. माझं अक्षर सावकाश आहे. दुपारी एकपर्यंत जिन्यावर खाली गाद्यांच्या दुकानापर्यंत रांग होती आणि दुकानदार माणसांना गादीवर बसू देत नव्हता.

गडबड ऐकून तिसऱ्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. केस वाढलेले, बोटांना शाई, डोळे सुजलेले. बाई म्हणाल्या, हे चित्रकार, मालिका हेच काढतात. मला वाटलं होतं निदान पन्नास जण असतील. होते दोन, एक आजारी पडला होता. त्याने विचारलं, “आठ बोल्ट कुणाचे?”

मी हात वर केला, शाळेत न गेलेला माणूस जसा करतो तसा, जरा जास्तच उंच.

तो मला आत घेऊन गेला. त्याच्या खोलीच्या चारी भिंतींवर आमच्या चिठ्ठ्यांच्या नकला लावलेल्या होत्या. नळीचा बाक, झेंडी, शिवणकाकूंचा कागदी कोट तर खिळ्याला टांगलेला. म्हणाला, काका, पंधरा महिने मी हे काढतोय, हिरव्या पट्टीतले लोक लिहितात ‘मस्त’ आणि ‘चालू ठेवा’, त्यांनी काय बघितलं ते मला कळतच नाही. बोल्ट आजवर कुणी मोजले नव्हते. माझ्या बायकोनेही नाही.

मी त्याला विचारलं की आता सह्या झाल्या, मालिका चालू राहील का. त्याने मान हलवली. मालकांनी त्याला दुसरं काम देऊन टाकलं होतं, बोलणाऱ्या चमच्यांचं. तीन भाग काढायला मिळत होते तेच खूप. मग तो म्हणाला, अजून काही दोष राहिला असेल तर सांगा, तीन भागांत जमेल तेवढं करतो.

मी आक्काचं सांगितलं. सगळं नाही, थोडंच. सांगितलं की घरात एक आजारी माणूस आहे आणि तिला डबा घरी पोचलेला बघायचा आहे.

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, हेच एक जमणार नाही. बाराव्या भागात कप्तानाने सांगून टाकलंय की घर चारशे वर्षांच्या वाटेवर आहे. अंतर कमी केलं तर तुमचेच गार्डसाहेब लिहितील. मी म्हटलं, लिहितील. गार्डसाहेब जिन्यातून म्हणाले की अर्थातच लिहीन, अंतर हे अंतर असतं.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली दुकानदार गाद्या आत ओढत होता. मला कारखान्यातलं आठवलं. कधी कधी असं लोखंडाचं ओतकाम यायचं, हत्तीएवढं, की ते यंत्रापर्यंत हलवणं अशक्य. नवी माणसं दोर आणायची, पहार आणायची. जुनी माणसं उलटं करायची. चाकावरचं छोटं छिद्रयंत्र ढकलत कामापाशी न्यायची आणि काम उरकायची. काम यंत्राकडे जात नसेल तर यंत्र कामाकडे न्यायचं.

मी टेबलावरचं कोरं मतपत्र ओढलं आणि लिहिलं. ‘बिघाड: घर लांब. जागा: भाग बारापासून पुढे. परिणाम: माणसं वाटेत संपतील. उपाय: घर इकडे आणावे.’

चित्रकाराने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला की ठीक आहे, पण ओढणार कोण. मी म्हटलं, कप्तानाला आई असेल की.

पुढच्या गुरुवारी उरलेल्या तिनांतला पहिला भाग आला. त्यात कप्तानाची आई दारात उभी राहून वाट बघते, डोळे शिणून जातात, आणि एकदम कमरेला पदर खोचते. “आता बस झालं,” म्हणते. गल्लीच्या टोकाला दोर बांधते, दोर कमरेला गुंडाळते आणि चालायला लागते. तिच्यामागे अख्खी गल्ली जमिनीतून उचकटून निघते, सहा घरं, एक दिवा, वाळत घातलेले कपडे. शेजारी भांडतात की आमचा सूर्य मागे राहिला. म्हातारी म्हणते, दिवा आहे ना, त्याच्यात भागवा. दुसऱ्या भागात ती नुसती चालत होती. ग्रहांना वळसा घालत, प्रत्येकाला कप्तानाबद्दल तक्रार सांगत, न थांबता. चारशे वर्षांची वाट होती, ती तिने कमी केली नाही, भरभर चालली. गार्डसाहेबांनी हिशेब करून बघितला, तो जुळला. फक्त म्हणाले की गल्लीच्या मागच्या टोकाला झेंडी हवी होती.

आक्का त्या दोन्ही भागांना उठून बसली होती, पाठीला तीन उशा. म्हातारी दोर ओढत निघाली तेव्हा ती इतकी हसली की खोकला लागला, मला पाणी पाजावं लागलं. मग बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली, पडदा बंद होता तरी. म्हणाली, “मी एकोणीस वेळा घराकडे चालत गेले, ठोक्या. घरानेही यायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

शेवटच्या भागाआधीच्या आठवड्यात तिची तब्येत फार बिघडली. बुधवारी डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या दवाखान्यात हलवू या. आक्काने विचारलं, तिथे टीव्ही आहे का. आहे, पण तो बातम्यांवर लावलेला असतो. मग शुक्रवारी बघू, आक्का म्हणाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. बाई म्हणाल्या, मी उद्या साडेतीनला येते, आणि खरंच आल्या, पिशवी घेऊन, आणि नाडी धरून खाटेवरच बसल्या.

त्या गुरुवारी आमच्या पुढच्या खोलीत माणसं मावेनात. मुलगी आणि जावई आले होते, आधीच एकदा भांडून. शेवटच्या भागात म्हातारी पोचली. गल्ली यानाला अलगद येऊन टेकली, दार दाराला लागलं, आणि इतका वेळ घर घर करणारा कप्तान घाबरून लपून बसला, कारण आता भांडी घासावी लागतील. यंत्रमानव म्हणाला की मी घाबरलो नाही, आणि रडला. वाफबाईने कालवण वाढलं, म्हातारीने चाखलं आणि मीठ जास्त आहे म्हणाली, आणि वाफबाईला पहिल्यांदा कळलं की आपलं काय चुकत होतं. इंजिनाने कुणी कौतुक न करता स्वतःहून आवाज काढला. मग सगळे आत गेले आणि दार लागलं. एवढंच. ज्या कपाटासाठी हे सगळं झालं होतं त्याचं काय झालं, ते कुणीच सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आक्काचा हात सोडला नव्हता, पण त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्यांनी विचारलं, हे पहिल्या भागापासून कुठे बघायला मिळेल.

नळवाले म्हणाले की नवं घर जोडलं तर मोरीची नळीही जोडायला हवी होती, ते राहिलंच. मी म्हटलं, आता लिहून उपयोग नाही. आक्काने डोळे उघडले. म्हणाली, “मतपत्र आण.” मी एक शिल्लक होतं ते आणलं आणि पेन तिच्या बोटांत धरून दिलं. कुठलं तोंड, विचारलं. तिने पाचही नीट बघितली, एकेकाला नाव ठेवलं, चौथं म्हणे आमच्या जावयासारखं आहे. मग पहिल्यावर खूण केली, जरा बाहेर गेली पण कळत होती.

सविस्तर मत काय लिहू, मी विचारलं.

“काही नको लिहूस,” ती म्हणाली. “मागच्या वेळी लिहिलंस तेव्हा बंद पाडलंस.”

लोक हसले. तीही हसली. मग चहा मागितला आणि अख्खा कप प्यायली. मतपत्र नळवाल्यांनी शुक्रवारी नेऊन टाकलं. ती दवाखान्यात गेली नाही, कुणी पुन्हा विषयही काढला नाही.

आक्का रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता गेली. शेवटच्या भागानंतर तिसऱ्या दिवशी, माझ्या पुढच्या खोलीत, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी.